तिसऱ्यांदा पाठ धरलेला डॅशहंड: पिंजरा, शू, वजन आणि जिना

प्रश्न थोडक्यात असा. सात वर्षांचा डॅशहंड (आखूड पायांचा, लांब पाठीचा कुत्रा), नर, वजन ११ किलो. दोन वर्षांत तिसऱ्यांदा पाठ धरली आहे. या वेळी मागचे पाय लटपटतात, वळताना पंजा उलटा पडतो, पण आधाराशिवाय चालतो. एक्स-रेत छाती संपून कंबर सुरू होते तिथे दोन मणक्यांमधलं अंतर कमी दिसतंय. मेलोक्सिकॅम आणि गॅबापेंटिन सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी तो सोफ्यावर उडी मारायला निघाला. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पिंजऱ्यात ठेवायची खरंच गरज आहे का, ऑपरेशन करावं का आणि पुढे आयुष्यभर कसं सांभाळायचं?

चौथ्या दिवशी बरा वाटणं, हीच यातली सगळ्यात फसवी वेळ. मेलोक्सिकॅमने सूज उतरते, गॅबापेंटिनने नसांचं दुखणं दबतं. दोन मणक्यांमधली फाटलेली चकती मात्र होती तशीच असते. दुखेनासं झालं की कुत्रा स्वतःला जपत नाही, एक उडी मारतो आणि चकतीतला माल आणखी थोडा बाहेर येतो. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: पिंजरा हवाच, आणि किमान चार आठवडे. औषधं तीन आठवड्यांनी संपली तरी पिंजरा चालू राहतो.

आत काय बिघडतं ते कळलं की हा हट्ट कशासाठी ते पटतं. दोन मणक्यांमधल्या चकतीला बाहेरून चिवट धाग्यांचं कडं असतं आणि आत मऊ, पाणीदार गर. डॅशहंड, पेकिनीज, बीगल, शिह त्झू, फ्रेंच बुलडॉग या जातींत हा गर लहान वयातच सुकतो आणि त्यात चुना धरतो. मग साध्या हालचालीनेही वरच्या बाजूचं कडं फाटतं आणि कडक झालेला गर मज्जारज्जूवर आदळतो. स्वीडनमधले संशोधक हान्सन यांनी १९५२ मध्ये याला पहिला प्रकार म्हटलं. दुसऱ्या प्रकारात कडं फाटत नाही, हळूहळू फुगत जातं. तो म्हाताऱ्या लॅब्राडॉर आणि जर्मन शेफर्डमध्ये जास्त दिसतो. आखूड पायांच्या जातींत हे का होतं, याचं उत्तर २०१७ मध्ये मिळालं: बाराव्या गुणसूत्रावर एफजीएफ४ या जनुकाची एक जादा प्रत असते. म्हणजे उडी हे निमित्त. चकत्या आधीच खराब झालेल्या असतात, आणि एक नाही, अनेक. एक बरी झाली तरी शेजारची कधीतरी त्रास देणार, हे धरूनच पुढची व्यवस्था लावायची.

एक्स-रेबद्दल एक सांगायला हवं. त्यात हाडं दिसतात, चुना धरलेली चकती दिसते, कमी झालेलं अंतर दिसतं. मज्जारज्जू दिसत नाही. कुठल्या चकतीने, कुठल्या बाजूने आणि किती दाब पडलाय हे एमआरआय किंवा सीटी स्कॅनशिवाय सांगता येत नाही. दोन्हींसाठी भूल द्यावी लागते आणि ही सोय मुख्यतः मोठ्या शहरांत आहे. शस्त्रक्रियेचा विचार नसेल तर एमआरआयची घाई करू नका. त्याआधी रक्त तपासून घ्या. आपल्याकडे गोचीडताप इतका आहे की पाठ आखडलेल्या, अशक्त कुत्र्याला तो नाही ना, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. ताप आणि पाठीचं दुखणं एकत्र असेल तर मणक्यातला जंतुसंसर्गही डोक्यात ठेवावा लागतो. त्यात नुसत्या वेदनाशामकावर राहिलं तर महिना वाया जातो. दुखत अजिबात नाही आणि मागचा भाग महिनोन्महिने हळूहळू निकामी होतोय, तर तो बहुधा वेगळा, मज्जारज्जू झिजण्याचा आजार असतो आणि त्याला पिंजऱ्याचा उपयोग नाही, उलट स्नायू लवकर गळतात. लस न दिलेल्या किंवा कुत्रा चावलेल्या जनावराचे मागचे पाय गेले, तर रेबीजची शंका फिटेपर्यंत तोंडाजवळ हात नेऊ नये.

आता ऑपरेशन. निर्णय वयावर किंवा ‘कितव्यांदा’ यावर कमी आणि पायांच्या अवस्थेवर जास्त ठरतो. नुसतं दुखतंय, ही पहिली पायरी. लटपटतो पण चालतो, ही दुसरी; तुमचा कुत्रा इथे आहे. पाय हलवतो पण उठून चालू शकत नाही, ही तिसरी. पाय अजिबात हलत नाहीत पण पायाचं बोट जोरात दाबल्यावर कळतं, ही चौथी. तेही कळत नाही, ही पाचवी. पहिल्या दोन पायऱ्यांवर नीट विश्रांती देऊन बहुसंख्य कुत्री सुधारतात, मात्र पुन्हा पाठ धरण्याचं प्रमाण बरंच राहतं. तिसरीपासून शस्त्रक्रिया उजवी ठरते. चौथीपर्यंत मणक्याची एका बाजूची कमान कापून गर काढला, तर दहातले नऊच्या आसपास पुन्हा चालतात. पाचवीवर हे प्रमाण साधारण निम्म्यावर येतं, आणि तिथे वेळ घालवायचा नसतो. तुमच्या बाबतीत आज विश्रांतीला पूर्ण संधी देणं योग्य आहे. पण तिसऱ्या वेळेनंतर दुखणं सारखं उलटत असेल, किंवा चार आठवडे प्रामाणिक पिंजरा पाळूनही पाय सुधारत नसतील, तर एमआरआय करून शस्त्रक्रियेचं बोलणं रास्त आहे. खर्चाचा अंदाज शहरातल्या शल्यचिकित्सकाकडून आत्ताच घेऊन ठेवा. मध्यरात्री पाय गेल्यावर चौकशी करत बसायला वेळ नसतो.

बोट दाबून पाहण्यात एक गफलत नेहमी होते. बोट दाबलं आणि पाय आखडला, म्हणून घरचे खूश होतात. पाय आखडणं ही मज्जारज्जूच्या खालच्या भागातली प्रतिक्षिप्त क्रिया आहे. मेंदूपर्यंत काही पोचलं असं त्यातून सिद्ध होत नाही. कुत्र्याने मान वळवली, विव्हळला, चावायला आला, तरच वेदना कळली असं धरायचं. ही तपासणी डॉक्टर चिमट्याने हाडावर दाब देऊन करतात. घरी पक्कड घेऊन प्रयोग करू नका.

पिंजऱ्याचं माप: कुत्रा उभा राहील, गोल वळेल, पाय पसरून झोपेल एवढाच. ११ किलोच्या डॅशहंडला सुमारे ९० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि ६० ते ६५ उंच पुरतो. त्याहून मोठा घेतला तर तो आत येरझारा घालतो. पिल्लांसाठी मिळतं ते उघडं कुंपण चालणार नाही, कारण तो कडेवर पुढचे पाय टेकून उभा राहतो आणि सगळा भार कमरेवर येतो. खाली १० सेंटिमीटर जाडीचा घट्ट फोम, त्यावर रेक्झिन आणि वर धुता येईल अशी चादर, चारही बाजूंनी खोचलेली. सुरकुती राहिली तर पाय अडकतो. पिंजरा माणसं वावरतात त्या खोलीत ठेवा, पण दाराच्या समोर नको. बेल वाजली की उसळतो. पहिले दोन-तीन दिवस रडेल. रडला म्हणून बाहेर काढलं की तो रडण्याचा उपयोग शिकतो. फारच कासावीस होत असेल तर डॉक्टरांना ट्रॅझोडोनबद्दल विचारा. शांत ठेवणारं औषध देणं हा कमीपणा नाही, पिंजऱ्यात धडका घेण्यापेक्षा ते बरं. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात पिंजऱ्यावर ओलं कापड टाकून पंखा लावा आणि पाण्याचं भांडं कडेला अडकवा.

बाहेर काढायचं ते फक्त शी-शूसाठी, दिवसातून तीन-चार वेळा, पाच मिनिटं, आखूड पट्ट्याने. गळपट्टा काढून छातीचा हार्नेस घाला. कमरेखाली जुना टॉवेल घालून दोन्ही टोकं हातात धरा. नर असल्याने टॉवेल मांड्यांच्या अगदी पुढे, पोटाला लागून धरा, पण शू करण्याच्या जागेवर दाब येणार नाही असा. आणि या चार आठवड्यांत जिना बंद. बाल्कनीत किंवा बाथरूममध्ये कृत्रिम गवताचा तुकडा टाकून त्याच्या जुन्या जागेवरची थोडी माती त्यावर पसरली, तर बहुतेक कुत्री दोन दिवसांत तिथे शू करायला लागतात.

औषधांचं. मेलोक्सिकॅम कुत्र्याला रोज किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, पहिल्या दिवशी दुप्पट, असा रिवाज आहे. म्हणजे ११ किलोला रोज १.१ मिलिग्रॅम. माणसांची सर्वांत छोटी नेहमीची गोळी ७.५ मिलिग्रॅमची असते, म्हणजे जवळपास सातपट. ‘अर्धी गोळी देऊन बघू’ यातूनच पोटात अल्सर होतात. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नायमेसुलाइड यांचं तर नावच काढू नका. मेलोक्सिकॅम खाण्याबरोबर द्या. उलटी, काळी चिकट शी किंवा खाणं बंद झालं तर पुढचा डोस थांबवून फोन करा. स्टेरॉइड आणि मेलोक्सिकॅम एकत्र कधीही नाही. एकावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये साधारण आठवड्याची मोकळी जागा ठेवतात. दुसरीकडे कोणी प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन देत असेल तर ‘सध्या मेलोक्सिकॅम चालू आहे’ हे तुम्हीच सांगायचं. गॅबापेंटिनने पहिले काही दिवस गुंगी येते आणि चाल आणखी डळमळते. पाय बिघडले असं वाटून घाबरायला होतं, पण डोसनंतर दोन तासांनी जास्त आणि पुढच्या डोसच्या आधी कमी डळमळत असेल तर ते औषधामुळे. ते एकदम तोडू नका, डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळू उतरवा. माणसांचं पातळ गॅबापेंटिन टाळा. काहींत झायलिटॉल हे गोड द्रव्य असतं आणि ते कुत्र्याला विषारी आहे. हाडवैद्याकडून पाठ ‘बसवून’ घेणं, मणक्यावर तेल जिरवून जोरात चोळणं, हे प्रकार या आजारात थेट नुकसान करतात. फाटलेल्या चकतीवर वरून दाब द्यायचा नसतो.

आज तो स्वतः शू करतोय, तरी हा भाग आत्ताच समजून घ्या. मागचे पाय गेलेल्या कुत्र्याला घरी सर्वांत जास्त त्रास पायांमुळे होत नाही, मूत्राशयामुळे होतो. छाती-कंबरेच्या सांध्यावर दाब आला की मूत्राशयाचं तोंड घट्ट बंद राहतं. आत लघवी साठत जाते, फार ताण आला की थोडी गळते. घरच्यांना वाटतं, उचलल्यावर शू होतेय म्हणजे ठीक आहे. ती ओसंडलेली असते. आठ तासांत स्वतःहून धार धरून शू केली नाही, तर रिकामं करावं लागतं. नाहीतर मूत्राशयाचा स्नायू ताणून कायमचा ढिला पडतो आणि साठलेल्या लघवीत जंतू वाढतात.

पद्धत अशी. कुत्र्याला उभं धरा किंवा उजव्या कुशीवर झोपवा. मांड्यांच्या पुढे, पोटाच्या मागच्या भागात दोन्ही बाजूंनी बोटं सपाट ठेवून हळूच आत न्या. भरलेलं मूत्राशय पाणी भरलेल्या फुग्यासारखं हाताला लागतं, बोटांतून थोडं निसटतं. ते सापडल्यावर तळवे जवळ आणत शेपटीच्या दिशेने एकसारखा, वाढता दाब द्या आणि तसाच धरून ठेवा. पहिली धार यायला दहा-पंधरा सेकंद लागू शकतात. पिळणं, झटका देणं, बोटांची टोकं रुतवणं नको. धार थांबली की हात सैल सोडा, पुन्हा चाचपा, पुन्हा दाबा. दर सहा ते आठ तासांनी, म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा, आणि रात्री झोपण्यापूर्वी एकदा नक्की. पोट कडक होत असेल तर तो घाबरलाय. दोन मिनिटं थांबा. जोर लावूनही धार येत नसेल तर हट्ट करू नका, मूत्राशयाचं तोंड ढिलं करणारं औषध किंवा नळी लागते. पहिल्यांदा डॉक्टरांच्या हातावर आपला हात ठेवून शिका. वाचून हे येत नाही, हाताला ते जाणवावं लागतं. लघवीला उग्र वास, गढूळपणा किंवा रक्त दिसलं तर कल्चर (लघवीतले जंतू वाढवून कोणतं औषध लागू पडेल ते पाहणारी तपासणी) करून मगच प्रतिजैविक. आंधळेपणाने कोर्सवर कोर्स दिले की पुढे कुठलंच औषध लागू पडत नाही. शी अडकत नाही, ती वेळी-अवेळी होते एवढंच. घट्ट झाली तर शिजवलेला लाल भोपळा एक-दोन चमचे पुरतो. माणसांचा फॉस्फेटचा एनिमा लहान कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतो.

लोळून राहणाऱ्या कुत्र्याची कातडी रोज उजेडात पाहायची. कोपर, मांडीचं वरचं हाड, बसायची हाडं, घोटे. लाल डाग बोटाने दाबून पांढरा होत नसेल तर जखम आतून सुरू झाली आहे. दर चार तासांनी कूस बदला. लघवीने भिजलेला भाग कोमट पाण्याने धुऊन, टिपून, पूर्ण कोरडा करून व्हॅसलीनचा पातळ थर द्या. बाळांच्या झिंक ऑक्साइडवाल्या मलमाने बरं वाटेल, पण कुत्रा ते चाटणार आणि पोटात गेलेलं झिंक घातक आहे. शेपटीखालचे आणि मांड्यांचे केस मशीनने बारीक ठेवा. पावसाळ्यात ओल्या कातडीवर, शेपटीच्या आडोशाला माशी अंडी घालते आणि दिवसाभरात अळ्या पडतात. अशा कुत्र्याला कधीही उघड्या अंगणात सोडून ठेवू नये. संवेदना गेलेल्या भागाला गरम पाण्याची पिशवी लावू नका. भाजलेलं त्याला कळत नाही.

वजन. तुमच्या वर्णनावरून ११ किलो जास्त आहे; बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत आणि वरून पाहिल्यावर कंबर दिसली पाहिजे. ९ किलोचं लक्ष्य धरा. त्या वजनाची विश्रांतीतली गरज काढायचं साधं सूत्र: वजन गुणिले ३०, अधिक ७०. ९ किलोला ३४० कॅलरी रोजच्या, सगळं धरून. तूप लावलेली एक पोळी साधारण १२० कॅलरी. चहाबरोबरचं एक ग्लुकोज बिस्किट २० ते २५. म्हणजे दोन पोळ्या आणि चार बिस्किटांत दिवसाचा कोटा संपतो आणि त्यात प्रथिनं नावालाच असतात. उकडलेली कोंबडी किंवा अंड्याचा पांढरा भाग, दुधी, गाजर, थोडा भात, किंवा वजन कमी करण्याचा तयार खुराक वाटीने नाही तर वजनकाट्यावर मोजून. कांदा-लसूण घातलेला रस्सा नको. आठवड्याला १ ते २ टक्के, म्हणजे १०० ते २०० ग्रॅम उतरलं पाहिजे. तीन-चार महिने धरा. त्याला घेऊन वजनकाट्यावर उभे राहा, मग तुमचं वजा करा, पण १०० ग्रॅम दाखवणारा काटा हवा. आजी-आजोबा गुपचूप बिस्किट देतात, हा या आजारातला सर्वांत अवघड भाग आहे. त्यांना बिस्किटाऐवजी गाजराचे तुकडे देण्याचं काम सोपवलं तर जमतं.

चार आठवड्यांनंतर घर. व्हिट्रिफाइड टाइल्स हा आजारी पाठीचा शत्रू. मागचा पाय घसरून फाकला की कमरेला पीळ बसतो. तो जिथून जिथे जातो त्या वाटेवर रबरी पाठीच्या सतरंज्या किंवा योगा मॅट सलग टाका, तुकड्या-तुकड्यांनी नको. पंज्यांमधले केस कापा, नखं जमिनीला टेकणार नाहीत एवढी छोटी ठेवा. सोफा-पलंगावर तीनपैकी एक: कायमची बंदी, उतार, किंवा तुम्ही उचलून ठेवायचं. उताराची लांबी उंचीच्या किमान तिप्पट; ४५ सेंटिमीटरच्या सोफ्याला दीड मीटर केली तर चांगलं. वर गालिचा चिकटवा आणि दोन्ही बाजूंना कडा ठेवा. दिवाळीत फटाक्यांनी दचकून पलंगावरून उडी मारून पाठ गेली, हे दरवर्षीचं. त्या चार दिवसांत पिंजरा परत वापरात आणा, शांत करणारं औषध आधीच आणून ठेवा.

दुसरा मजला हा तुमचा खरा प्रश्न. जिना उतरणं चढण्याहून वाईट, कारण प्रत्येक पायरीला मागचा भाग वरून आदळतो. यापुढे तो जिना कायम तुमच्या हातांवर. एक हात पुढच्या पायांच्या मधून छातीखाली, दुसरा पार्श्वभागाखाली, पाठ आडवी आणि तुमच्या अंगाला टेकलेली. काखांत धरून उचलू नका, कंबर लोंबकळते. ११ किलो रोज चार वेळा नेणं ज्येष्ठांना झेपत नसेल, तर सपाट तळाची कपड्यांची बास्केट, आत फोम, दोन माणसं. ९ किलो झाल्यावर हे काम निम्मं सोपं वाटेल.

व्यायाम पिंजऱ्याच्या काळात फक्त निष्क्रिय: कुशीवर झोपवून मागच्या पायाचा प्रत्येक सांधा हळू दुमडून सरळ करायचा, १० ते १५ वेळा, दिवसातून दोन-तीनदा, दुखलं की थांबायचं. पंज्याच्या तळव्याला गुदगुल्या करून पाय ओढायला लावायचा. डॉक्टरांच्या परवानगीनंतर आधार देऊन उभं करणं, पंजे सरळ ठेवून, दोन मिनिटांपासून पाचपर्यंत. मग बसून उठणं पाच वेळा. मग सपाट रस्त्यावर पट्ट्याने पाच मिनिटं चाल, आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवत. पंजा उलटा पडत असेल तर रबरी मोजा घाला, नाहीतर वरची कातडी सोलते. पाण्यातला ट्रेडमिल मिळाला तर उत्तम. स्विमिंग पूलमध्ये सोडून देणं म्हणजे पोहण्याचा व्यायाम नव्हे. घाबरून तो पाठ वाकडी करतो.

चाकांच्या गाडीचा विचार आज नको. चालू शकणाऱ्याला ती दिली तर पाय वापरायचं सोडतो. पुढे कधी पाय गेलेच आणि पाठीचं दुखणं थांबलेलं असेल, तर मापं अशी द्या: उभं धरून जांघेपासून जमिनीपर्यंतची उंची, मांड्यांची बाहेरून रुंदी, खांद्यापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी आणि वजन. पाठ आडवी राहिली पाहिजे. मागची बाजू उंच झाली तर पुढचे पाय दुखावतात. सुरुवातीला १० ते १५ मिनिटं, कायम नजरेखाली, गाडीत झोपू द्यायचं नाही.

रोज एक व्हिडिओ घ्या, त्याच जागी, मागून आणि बाजूने, दहा पावलं. तोंडी वर्णनापेक्षा डॉक्टरांना त्यातून जास्त कळतं. उलटा पडणारा पंजा वाढला, उठताना पडायला लागला, शेपूट हलेनाशी झाली, किंवा शू बंद झाली, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री निघा. सपाट फळीवर बांधून, आणि निघण्याआधी काही खायला घालू नका, भूल द्यावी लागू शकते.